आपले रोप आणि सर्वांची बाग

बी पेरण्याचा उत्साह सर्वांनाच असतो. बागेची खरी परीक्षा मात्र भाद्रपदात होते. बियाण्यांच्या व्यवसायासाठी जालना शहर देशभर प्रसिद्ध आहे. त्याच जिल्ह्यातील शाळांच्या परसबागांतही या दिवसांत बियाण्याइतकेच महत्त्व राखणीला असते.

आषाढात लावलेली भेंडी भाद्रपदात फळाला येते. पाऊस उघडीप देतो, ऊन तापू लागते आणि पानांखाली पांढरी माशी वाढते. ती नुसता रस शोषून थांबती, तर हानी थोडी होती. परंतु रोगट झाडाचा रस पिऊन ती निरोगी झाडावर बसते, तेव्हा हळद्या रोगाचे विषाणू तिच्याबरोबर जातात. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. फळे फिकट व राठ होतात. रोग जडलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते उपटून पुरून टाकणे, हाच उपाय होय.

येथेच अडचण उभी राहते. वाफे वाटून दिलेले असले, म्हणजे ज्याने रोप जोपासले त्याला ते उपटवत नाही. अजून चार भेंड्या येतील, असे त्याला वाटते. त्याची माया खोटी नसते. परंतु माशीला वाफ्याची शीव ठाऊक नसते. एका झाडावरील दया शेजारच्या दहा झाडांवर अन्याय ठरते.

उत्तम बी आणले म्हणजे काळजी मिटली, असे कोणी म्हणेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाने या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात निर्माण केली. परंतु काही वर्षांनी तिच्यावरही हा रोग दिसू लागला. कोणी विषारी औषधे सुचवील. पण त्यांनी मावा खाणारे उपकारक ढालकिडेही मरतात, आणि ती भाजी शेवटी मुलांच्याच ताटात येते. त्यापेक्षा उन्हाळ्याच्या अखेरीस वेचून ठेवलेल्या निंबोळ्यांचा 5 टक्के अर्क वेळीच फवारणे बरे.

म्हणून रोज सकाळी पाने उलटून पाहावीत. रोगट रोप उपटण्याचा निर्णय एकट्यावर न सोपवता सर्व वर्गाने घ्यावा. आणि ज्याचे रोप गेले, त्याला शेजारच्या वाफ्यातील भाजीचा वाटा आपण होऊन द्यावा. तोटा वाटून घेतला, तर रोप उपटताना कोणाचाही हात अडखळणार नाही. जी बाग सर्वांची, तिचा तोटाही सर्वांचाच असला पाहिजे.