नकाशा छापून झाल्यावर आमचं मत कशाला?

नागरिकहो,

प्रारूप विकास आराखड्यातून आपला ओढा गायब झाला, हे आता गावभर झालं आहे. टेकडीच्या पायथ्याचा हिरवा पट्टा पिवळा कसा झाला, कुणाच्या जमिनीवरचं आरक्षण उठलं आणि कुणाच्या बोकांडी बसलं, हेही टपरीपासून देवळाच्या ओट्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते पुन्हा उगाळत नाही. आमचा राग आहे तो ‘हरकती व सूचना’ या रिवाजावर आणि त्याला लोकसहभाग म्हणवून घेण्याच्या निर्लज्जपणावर.

रीत अशी. पुढच्या वीस वर्षांचं गाव बंद खोलीत आखायचं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक टाइपात नोटीस द्यायची. नकाशा कचेरीत अशा जागी लावायचा की गट नंबर वाचायला भिंग आणि बॅटरी दोन्ही न्यावी लागतील. मग तीस दिवस तुमचे! वऱ्हाड जेवून उठल्यावर नवरीला विचारायचं, मुलगा पसंत आहे ना?

१९६६ च्या नगररचना कायद्यात आराखडा करण्याचा इरादा जाहीर करतानाही सूचना मागवायची तरतूद आहे, हे खरं. पण तेव्हा समोर नकाशाच नसतो. सूचना करायची ती कशावर? आणि नकाशा येतो, तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं.

आता हिशेब पाहा. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ साली ८७ हजारांच्या घरात हरकती-सूचना आल्या. एका अर्जाला पाच मिनिटं धरली तरी ७,२५० तास होतात. रोज आठ तास, रविवारही न पाळता, ९०० दिवस! ऐकणारी नियोजन समिती केवढी? स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे फार तर चार जाणकार. याला ऐकणं म्हणायचं की उरकणं? बरं, इतक्या लोकांना हरकत घ्यावी लागते याचाच अर्थ आधी कुणाला विचारलं नव्हतं.

यावर ठरलेली उत्तरं येतात. लोकांना नकाशा कळत नाही म्हणे. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्यातल्या ढीगभर चुका रहिवाशांनीच दाखवल्या आणि तो आराखडा नव्याने करावा लागला. नकाशा कुणाला कळला नव्हता? आपला ओढा कुठून वाहतो हे उपग्रहाच्या चित्रात सापडलं नाही, ठीक. दर पावसाळ्यात तो ज्यांच्या चुलीपर्यंत येतो, त्यांना विचारायला काय रॉकेल लागत होतं?

दुसरं, सगळ्यांना विचारत बसलो तर विकास कधी करायचा? १९९६ साली केरळने योजना-निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांच्या हाती दिला आणि आखणीची सुरुवात ग्रामसभेपासून केली. केरळ काही बुडालं नाही. उशीर होतो तो न विचारता केलेले आराखडे कोर्टात अडकतात तेव्हा.

तिसरं सगळ्यांत चीड आणणारं: लोक सभेला येतच नाहीत. निकाल लागलेल्या सभेला कोण कशाला येईल? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन पाहा. पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून तो हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात आणि यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. तेही साखरेच्या जिल्ह्यात! पाणी किती उरलं आहे हे ज्यांना दाखवलं जातं, ते लोक येतात आणि तोटाही सोसतात. आपल्याला मात्र वीस वर्षांनंतर प्यायचं पाणी कुठून येणार, हेही आराखड्याने सांगितलेलं नाही.

आमची मागणी: हा प्रारूप आराखडा मागे घ्या. आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा वाचता येईल एवढा मोठा करून प्रत्येक प्रभागात शाळेच्या भिंतीवर लावा. ओढे, विहिरी, गायरानं, बाजाराच्या जागा लोकांकडून त्यावर भरून घ्या. प्रभागसभेचा ठराव झाल्याशिवाय एकाही जागेचा रंग बदलू नका. ठराव नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या.

तोवर मुदत वाया घालवू नका. हरकत द्याच. छापील नमुन्यावर नुसती सही करू नका. आपला गट नंबर आणि आपण पाहिलेली पुराची खूण आपल्या अक्षरात लिहा. प्रत्यक्ष सुनावणी हवी, असं स्पष्ट मागा. आणि आवक शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. “साहेब जेवायला गेलेत” म्हणाले, तर तिथेच डबा उघडा.