खिशातल्या फोनची निकड

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या होडीत पुष्कळांची दृष्टी समोरच्या तटावर नसते, हातातील फोनवर असते. त्याबद्दल हळहळण्याचे आम्हांस कारण नाही. हौसेने आलेल्याने काय पाहावे, हे ठरविणारे आम्ही कोण? परंतु ‘संकटकाळी उपयोगी पडतो, म्हणून तो सदैव जवळ हवा’ हा जो युक्तिवाद नित्य केला जातो, त्याची परीक्षा याच किनाऱ्यावर होऊन गेली आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. विजेचे खांब पडले आणि पाठोपाठ मोबाइलचे मनोरेही मुके झाले. ज्यांच्या वडिलांनी गावच्या पत्राची आठ-आठ दिवस शांतपणे वाट पाहिली, ते मुंबईतील चाकरमानी एका रात्रीच्या मौनाने कासावीस झाले. ऐन संकटात फोन होता, पण निरुपयोगी होता.

मच्छीमाराची गोष्ट निराळी. वादळाचा इशारा आणि मासळीचा भाव त्याला फोनवर कळतो. ती चैन खास नव्हे. तथापि किनारा काही मैल मागे पडला की मनोऱ्याची हद्द संपते. तेथे बिनतारी संच किंवा उपग्रहाशी जोडलेले यंत्रच हवे, आणि ते प्रत्येक लहान होडीपर्यंत पोहोचविणे हे सरकारचे कर्तव्य होय. आपण शहरवासी मात्र कोपऱ्यावर नारळ आणावयास जातानाही खिसा चाचपतो आणि फोन राहिला म्हणून माघारी फिरतो. परवा आम्हीही फिरलो. घरी येऊन पाहतो, तो कोणाचाही फोन आलेला नव्हता.