दोन आजार, दोन दारे कशाला?

एप्रिल २००४ पासून शासनाने एचआयव्हीग्रस्तांना एआरटीची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. ते योग्यच झाले. पण सुईने नशा करणाऱ्या रुग्णाला तेवढे पुरत नाही. नशा उतरली की अंग मोडते, जीव तळमळतो आणि एआरटीच्या गोळीची वेळ चुकते. बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की ही तळमळ थांबते, सुई सुटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्याकडे मात्र ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, तीही बहुधा रोज समोर बसवून.

पवनी तालुक्यातील कोंढ्यात असा एकच शेतमजूर असला, तरी त्याने रोज मजुरी बुडवून शहर गाठायचे काय? एका दारात एचआयव्हीची लाज, दुसऱ्या दारात 'गर्दुल्ला' हा शिक्का! माणसाला दूर ठेवण्याची ही रीत आम्हाला नवी नाही.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला बंदी केली आहे. संविधानाचे कलम ४७ नशाबंदीआधी सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य सांगते आणि औषधी वापराला मुभाही देते. शासनाला बंदी आठवते, आरोग्य विसरते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातच, गुप्तता राखून, दोन्ही औषधे एकत्र द्या. आणि बांधवांनो, वस्तीतल्या व्यसनी पोराला हाकलू नका. हात धरून दवाखान्यात न्या.