विश्लेषण : वर्षाला १०० डॉलरची आमदारकी कोणाला परवडते?

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत. प्रत्येकाचे मानधन वर्षाला फक्त १०० डॉलर. हा आकडा १८८९ पासून बदललेला नाही. ऐकायला हा लोकसेवेचा आदर्श वाटतो. प्रत्यक्षात तो सामान्य माणसाला राजकारणाबाहेर ठेवतो.

सगळीकडे हीच स्थिती आहे का?

नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. टेक्सासमध्ये आमदाराला महिन्याला ६०० डॉलर आणि अधिवेशनकाळात दैनंदिन भत्ता मिळतो. तिथले नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवस चालते. न्यूयॉर्कमध्ये मात्र २०२३ पासून वर्षाला १ लाख ४२ हजार डॉलर वेतन आहे.

कमी मानधनात घर कसे चालते?

दुसऱ्या कमाईवर. बराक ओबामा १९९७ ते २००४ या काळात इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते, तेव्हा ते शिकागो विद्यापीठात कायदाही शिकवत. वकील, उद्योजक किंवा निवृत्तांना हे जमते. पण बसचालकाला किंवा परिचारिकेला टेक्सासमध्ये सलग १४० दिवसांची रजा कोण देणार?

निवडणुकीचा खर्च वेगळाच. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी रसायन उद्योगात पैसा कमावला. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत स्वतःचे लाखो डॉलर ओतूनही ते हरले. तरीही २०२० मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधीगृहात आणि २०२२ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले. पराभवानंतर पुन्हा उभे राहण्याची ही ऐपत किती जणांकडे असते?

याने फरक काय पडतो?

राज्यांच्या हाती मोठे अधिकार आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या निकालानंतर गर्भपाताचे कायदे राज्येच ठरवू लागली. बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमाही विधिमंडळच आखते. शाळांचा निधी, निवडणुकीचे नियम हेही तिथेच ठरते.

उपाय काय?

आमदारांचे वेतन वाढवा म्हटले की मतदार नाक मुरडतात. न्यू हॅम्पशायरमध्ये तर मानधनाची रक्कम राज्यघटनेतच लिहिलेली आहे. ती बदलायला दोन-तृतीयांश मतदारांचा कौल लागतो. राग समजण्यासारखा आहे, पण हिशेब चुकतो. आमदाराला पोटापुरते वेतन दिले नाही, तर सभागृहात पोटाची चिंता नसलेलेच बसतात आणि पोटाची चिंता असणाऱ्यांसाठीचे कायदेही तेच करतात.