खोके फेकले की कारखाना हरवतो

मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या ज्या इमारतीत पुढे वेस्टसाइड थाटले गेले, तिला जाणती माणसे अजून ‘आर्मी अँड नेव्ही’ म्हणूनच ओळखतात. १८७१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या या सहकारी सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत दुकान काढले आणि साहेबाला लागेल ती चीजवस्तू आपल्या नावाने विकली. गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठीची रिळे त्यातच होती. दक्षिणेतल्या साहेबांना तर महसीर माशाचे वेडच होते. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्येच ‘द रॉड इन इंडिया’ लिहून त्या वेडाला शास्त्राची बैठक दिली. पुढे १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंजेन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा महसीर काढला, तो कावेरीच्या खोऱ्यातलाच. असा मासा गळाला लागला की काठीपेक्षा रिळाची कसोटी लागते, कारण शेकडो वार दोर झपाट्याने सुटत असताना त्याला आवर घालायचा असतो. तेव्हा रीळ कोणी घडवले, हा प्रश्न वापरणाऱ्यासाठी हौसेचा नव्हता. पण रिळावर नाव असायचे ते दुकानाचे.

आणि दुकानाने ते बहुधा घडवलेले नसायचे. आर्मी अँड नेव्हीच्या कित्येक वस्तूंवर सोसायटीच्या नावापुढे ‘मेकर्स’ असेही ठोकलेले सापडते. काही माल तिच्या स्वतःच्या कारखान्यांत होई, त्यामुळे तो शब्द सगळीकडेच खोटा नव्हता. पण रिळांच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवणारा फसतो. इंग्लंडमध्ये असा माल पुरवणारी ठिकाणे मोजकी होती. एक रेडिच, सुया आणि गळ करणाऱ्यांचे गाव. (रॉयल एनफिल्डचे मूळही तिथल्याच एका सुयांच्या कारखान्यात आहे.) तिथल्या जे. डब्ल्यू. यंग यांनी स्वतःच्या नावाने विकली तशी इतरांच्या नावाने विकायलाही भरपूर रिळे दिली. दुसरे ठिकाण हार्डी बंधूंचे अॅनिक. हार्डींकडे हात बसलेल्या डिंगली नावाच्या कारागिराने पुढे त्याच गावात स्वतःचे काम सुरू केले आणि लंडनच्या नामवंत दुकानांना रिळे पुरवली. बाहेर दुकानाचे ठसठशीत नाव, आत मात्र कित्येकदा नुसते एक इंग्रजी ‘डी’ अक्षर. ते दिसायला चकती सोडवून आत बघावे लागते. ते अक्षर नसेल तर जाणकार काठीला बसणाऱ्या पितळी पायाचा आकार पाहतो, तो नंतर कोणी कानशीने घासला आहे का ते पाहतो, स्क्रूच्या डोक्यावरची खाच पाहतो आणि दोर सुटताना करकर वाजणारी खिट्टी व तिची स्प्रिंग कशी बसवली आहे ते पाहतो. मग यंग किंवा डिंगली यांचे नाव असलेले रीळ शेजारी ठेवून ताडून बघतो. एवढे करूनही निकाल कित्येकदा ‘बहुधा’ असाच लागतो, आणि त्या ‘बहुधा’चे विकणाऱ्याच्या तोंडी हमखास ‘हार्डीचेच’ होते, कारण हार्डी म्हटले की भाव चढतो.

अमेरिकेतल्या सिअर्स या अवाढव्य दुकानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. जे. सी. हिगिन्स हे सिअर्सचे खेळसाहित्याचे छापनाव, म्हणजे ब्रँड. हिगिन्स हा त्यांच्याकडचा नोकर माणूस, कारखानदार नव्हे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या नावाची जागा टेड विल्यम्स या बेसबॉलपटूच्या नावाने घेतली. तोही रिळे घडवत नव्हताच. पण सिअर्सने एक शहाणपण केले. वस्तूच्या क्रमांकाच्या सुरुवातीला तीन आकडे आणि मग टिंब, अशी पद्धत ठेवली. ते तीन आकडे पुरवठादाराचे. बंदुकीवर ५८३ असेल तर ती हाय स्टँडर्डची, यंत्रहत्यारावर ११३ असेल तर ते इमर्सनचे, हे आजही सांगता येते. दुकानाला स्वतःच्या सुट्या भागांच्या सोयीसाठी हे हवे होते, इतिहासाची सेवा करावी म्हणून नव्हे. तरी त्या सोयीमुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या वस्तूला आज बाप सापडतो.

साहेबांच्या जुन्या खेळण्यांशी मराठी वाचकाला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. त्याने आजोबांचे वेस्ट एंडचे घड्याळ आठवावे. १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव तबकडीवर असे, पण आतली यंत्रे लाँजिन्ससारख्या स्विस कारखान्यांतून येत. घड्याळजीने मागचे झाकण उघडले की यंत्रावरच्या खुणेवरून त्याला ते कळे आणि त्याप्रमाणे तो भाग मागवी. आज हाच व्यवहार घरोघरी पोहोचला आहे. क्रोमा या दुकानात टीव्ही क्रोमाच्याच नावाने मिळतो. डिक्सनसारखी कंपनी एकाच वेळी अनेक नामवंतांसाठी माल बनवते. आणि रिळाचेच बोलायचे तर डिकॅथलॉनने केपरलान या आपल्या नावाने ती विकली. यात लपवाछपवी आहे असे माझे म्हणणे नाही. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टणावर उत्पादकाचे, किंवा माल आयात केलेला असल्यास आयातदाराचे, नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. माझा आक्षेप ‘वेष्टणावर’ या शब्दाला आहे. बिस्किटाला वेष्टण पुरते, कारण बिस्किट आणि वेष्टण एकाच दिवशी संपतात. मिक्सर पंधरा वर्षे चालतो आणि त्याचे खोके येत्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत जाते. म्हणून टिकाऊ वस्तूवर, म्हणजे तिच्या अंगावरच, ती जिथे बनली त्या कारखान्याची खूण असणे कायद्याने सक्तीचे करावे.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्याच्या नावाने माल विकला त्याने जबाबदारी घेतली आहे, मग ग्राहकाला आणखी काय हवे? हमीपत्राच्या मुदतीपुरते हे खरे आहे. पण दुकाने वस्तूंहून आधी मरतात. आर्मी अँड नेव्हीचे भारतातले बस्तान इंग्रजांबरोबर उठले, अमेरिकेतल्याच माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने २००१ मध्ये शटर ओढले, खुद्द सिअर्स २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, ते चांगलेच झाले. पण छापनाव बंद पडल्यावर त्या पोर्टलवर कोणाचे नाव शोधायचे? तोच मिक्सर त्याच कारखान्यातून आणखी चार नावांनी बाहेर पडला असेल आणि त्याचे भाग बाजारात मिळत असतील, तरी हे कळायला वाट नाही. दुरुस्तीवाला मग अंदाजाने भाग बसवून बघतो किंवा ‘नवीनच घ्या’ म्हणतो.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. माल कोण पुरवतो हे प्रतिस्पर्ध्याला कळले तर तो उद्या त्याच कारखान्याच्या दारात उभा राहील. पण ज्याचे नाव आजही खोक्यावर छापावे लागते ते गुपित कसले? तरी हवे तर नाव छापू नका, आकडा ठोका. आपल्याकडे ही रीत चालू आहेच. आयएसआय चिन्हाबरोबर जो सीएम/एल क्रमांक येतो तो मानक ब्युरोच्या परवान्याचा, म्हणजे विशिष्ट उत्पादन केंद्राचा असतो. हेल्मेट कोणत्याही नावाने विकलेले असो, तो क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये घातला की परवानाधारक समोर येतो. काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना असाच नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. त्यामुळे त्या व्यवसायातले दुकानदार देशोधडीला लागल्याचे दिसत नाही. प्रश्न एवढाच की ही खूण प्रमाणित मालापुरती आहे आणि तिचा हेतू सुरक्षितता हा आहे. उरलेल्या मालाला ती नाही.

तिसरे म्हणणे अभ्यासूंचे. आजची वस्तू एका जागी बनतच नाही. मोटर एकाची, साचा दुसऱ्याचा, जोडणी तिसऱ्याची, मग ‘बनवणारा’ कोणाला म्हणायचे? पण हे रिळांच्या बाबतीतही खरे होते. चौकट एकीकडची आणि मुठी दुसरीकडच्या, असे घडतच असे. म्हणून तर ‘कोणी घडवले’ याचे उत्तर देताना पुरावा किती आणि तर्क किती हे वेगळे सांगावे लागते. सगळी वंशावळ कोरा असा माझा हट्ट नाही, अंतिम जोडणी झालेल्या कारखान्याचा एक क्रमांक पुरे. खर्चाची सबब इथे टिकत नाही. प्लास्टिकच्या भागांच्या आतल्या बाजूला बघितले तर बऱ्याचदा आकडे आणि बाण असलेली एक छोटी गोल खूण उठलेली दिसते. तो भाग कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी ओतला हे कारखान्याला कळावे म्हणून ती चकती साच्यातच बसवलेली असते. तारीख ठोकायला जागा आहे, साचा आहे, सवयही आहे. तिच्या शेजारी परवाना क्रमांकाएवढे आकडे बसवायचे आहेत, आणि २०११ च्या नियमांत त्यासाठी एक कलम वाढवायचे आहे.