भिलाईची पेटी जड का होते?

ट्रकवर घर बांधायचं वेड आता आपल्याकडेही शिरलंय. भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेला, हातात चार पैसे आलेला माणूस पूर्वी नागपूरला फ्लॅट बघायचा. आता त्यातलेच काही जण मोबाइलवर जर्मन आणि ऑस्ट्रियन ट्रक दाखवतात. युनिमॉग, मान, मागे पांढरी पेटी, आत ओटा, शॉवर, गादी, आणि खिडकीबाहेर सहारा. ‘आपण असंच करू, फोर बाय फोर ट्रक घेऊ, इथंच हथखोजच्या शेडमध्ये पेटी बांधून घेऊ आणि बस्तरला निघू.’ आणि मग पहिला प्रश्न हमखास येतो: आत काय काय बसेल?

हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो.

ट्रकमध्ये राहणारी माणसं आपल्या भागात नवी नाहीत. उन्हाळ्यात दुर्ग, बेमेतरा, राजनांदगावच्या गावागावांत बोअर मारायच्या गाड्या फिरतात. त्यांतल्या कित्येक थेट तामिळनाडूच्या तिरुचेंगोडहून आलेल्या असतात. पुढे रिगचा ट्रक, मागे सामानाचा. सामानाच्या ट्रकजवळ एकदा उभं राहून बघा. लोखंडी रॉडची चळत, डिझेलचे पिंप, पाण्याची टाकी, एका कोपऱ्यात शेगडी आणि तांदळाचं पोतं, दोरीवर वाळणाऱ्या लुंग्या. पोरं महिनोन्‌महिने त्याच गाडीच्या आधारानं राहतात, आणि गाडी जिथं ट्रॅक्टर जातो तिथंही जाते. तिकडे महाराष्ट्रात वारीतल्या दिंड्यांचे ट्रक घ्या: तंबू, भांडी, शिधा, आजारी माणसाला आडवं व्हायला जागा. या दोन्ही ठिकाणी आराम जवळजवळ नाही, हे मान्य. पण आवश्यक काय याची यादी त्यांच्याकडे पक्की आहे: पाणी, सावली, चूल, पाठ टेकायला सपाट जागा. त्यापुढची प्रत्येक वस्तू म्हणजे वजन.

आणि वजन हीच आपल्या गावाची खोड आहे. इथला कारागीर वाईट म्हणायची माझी छाती नाही. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून या पट्ट्यानं तीन पिढ्या लोखंड कापलं, वाकवलं, जोडलं. पण प्लांटसाठी चुट, हॉपर, स्ट्रक्चर करणाऱ्या हाताला एक सवय लागलेली असते. शंका आली की पत्रा एक गेज जाड घ्या, एक अँगल जास्त मारा. जागेवर उभ्या राहणाऱ्या कामाला ते ठीकच आहे, जड म्हणजे भक्कम. चालत्या गाडीला ते लागू नाही.

हिशेब करून बघू. साडेचार मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि २ मीटर उंच पेटी धरली तर सहाही बाजू मिळून साधारण ४५ चौरस मीटर होतात. २ मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला १५.७ किलो भरतो, म्हणजे नुसता पत्राच ७०० किलोंवर गेला. सांगाड्याला ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप शंभर मीटर लागला तर आणखी ४४० किलो. अजून प्लायवूड नाही, गादी नाही, पाणी नाही. हीच पेटी फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये ५ सेंटिमीटर पीयू फोम भरलेल्या पॅनेलची केली, तर कोपऱ्यांची आणि फरशीची मजबुती धरूनही पाचशे किलोंच्या आसपास निभावते. वाचलेल्या सहाशे किलोंत तुमचं पाणी, बॅटऱ्या आणि महिन्याचा शिधा येतो.

शिवाय पोलाद उष्णता फोमच्या सुमारे दोन हजार पट सहज वाहून नेतं. भिलाईच्या मे महिन्यात हा आकडा पुस्तकी राहत नाही. आतून फोम लावला तरी पाइपाचा सांगाडा बाहेरच्या पत्र्याला चिकटलेला असतो, आणि प्रत्येक पाइप बाहेरचं ऊन आत आणतो. युरोपातली मंडळी या पेट्या थंडीसाठी बांधतात, म्हणून त्यांच्या चित्रफितींत डिझेल हीटरवर अर्धा तास जातो. आपल्याला हीटर काय करायचाय? आपल्याला हवं छपरावर दुसरं छप्पर, मध्ये चार बोटं हवा खेळती. जुन्या जंगली लँड रोव्हरना ते असायचं. एसी लावायचा तर रात्रभराला पाच-सहा युनिट धरा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी सगळी मिळून सव्वा युनिट देते, आणि शिसं-आम्लाची असेल तर त्यातलंही निम्मंच वापरायचं. म्हणजे एक तर लिथियमच्या बॅटऱ्यांवर मोठा खर्च, नाहीतर जनरेटरची घरघर. त्याआधी सावलीवर खर्च करावा.

आता खरा कळीचा मुद्दा. ऑफ-रोड ट्रकची चेसिस पिळली जावी म्हणूनच बनवलेली असते. एक पुढचं चाक दगडावर चढलं आणि मागचं विरुद्ध बाजूचं खड्ड्यात गेलं, की दोन लांब चॅनेल एकमेकांच्या उलट वळतात. त्यामुळेच चारही चाकं जमीन धरून राहतात. आता त्यावर ताठ, न वाकणारी पेटी दोन्ही बाजूंना यू-बोल्टनं करकचून बांधा. पहिल्याच नाल्यात दार अडकतं. पुढे खिडकीच्या कोपऱ्याला चीर जाते, आणि पेटी फारच भक्कम असेल तर चेसिसच तडकते. मालवाहू बॉडीखाली आपले मिस्त्री लाकडाची पट्टी घालतात, ती थोडी दबते, म्हणून मालाच्या ट्रकला तेवढं चालून जातं. राहत्या पेटीला वेगळी उपचौकट लागते: एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसऱ्या टोकाला मधोमध एका खिळीवर डोलणारी. दुसरा मार्ग म्हणजे स्प्रिंगच्या बोल्टांवर बसवलेली, चेसिस पिळली की थोडी उचलली जाणारी. हे काम अवघड नाही. भिलाईत ते करू शकणारे हात पन्नास सापडतील. फक्त त्यांना एक सांगावं लागतं: चेसिसच्या कडांवर वेल्डिंग नाही, ड्रिल नाही. हे सांगितलं की चेहरे पडतात, कारण वेल्डिंग हाच इथला पहिला उपाय. पण ज्या पोलादाला कारखान्यात मोजून ताकद दिलेली असते, ते वेल्डच्या आचेनं नेमकं तिथंच कमजोर होतं.

व्हॅनिटी व्हॅनचा नमुना इथं कामाचा नाही, हेही सांगून टाकतो. ती गाडी मुंबईच्या सपाट रस्त्यानं स्टुडिओत जाते आणि दिवसभर उभी राहते. तिच्यातला ग्रॅनाइटचा ओटा बस्तरच्या वाटेवरच्या केशकाल घाटाच्या बारा वळणांत तुमच्या पुढच्या चाकांवरचा भार कसा खेळवतो, ते चालवणाऱ्याला विचारा.

ट्रक कुठला? जबलपूरचं नाव निघतंच. कवर्धा, चिल्पी घाट, मंडला ओलांडलं की ते गाव. १९५९ मध्ये तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत मानच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागला, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली, मग जोंगा, पुढे स्टॅलियन. लष्कराच्या लिलावातला शक्तिमान दारात उभा करायचं स्वप्न मीही पाहिलंय. तरी सल्ला विचाराल तर नको म्हणेन. सुटे भाग शोधण्यात आणि कागद उभे करण्यात उमेद संपते. दोघांच्या कुटुंबाला गुरखा जीप किंवा फोर बाय फोर पिकअप पुरते. ज्याला खरंच चौघांचं घर न्यायचंय, त्यानंच ट्रककडे वळावं.

कागदांचं पुढे ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेल्या आणि निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. मालवाहू म्हणून नोंदलेल्या ट्रकवर पेटी चढवून ‘नंतर बघू’ म्हणणारे याच कलमात सापडतात. रस्ता बंद मात्र नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा केंद्राच्या यादीत बिगर-परिवहन वाहनांचा वेगळा प्रकार आहे, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ ही वेगळी संहिताही आहे. अडचण अशी की ही मंजुरीची वाट शंभर गाड्या बनवणाऱ्यासाठी आखलेली आहे, एक गाडी बनवणाऱ्या हथखोजच्या छोट्या शेडला ती झेपत नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनं त्याच वर्षी. दोन्हीकडे भर पर्यटनावर आणि गाडी उभी करायच्या जागांवर. छोट्या कारागिराची सोय कुठं? एका उपचौकटीचा आणि एका पेटीचा नमुना एकदाच तपासून घ्यावा, आणि त्या नकाशाबरहुकूम कुणीही बांधावं, असं व्हायला काय हरकत आहे? आयआयटी आता आपल्या गावात आहे. तिथल्या पोरांना चेसिसच्या पिळाचं गणित हा काही डोंगर नाही.

तोवर ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एक आकडा: ७,५००. एकूण मंजूर वजन इतक्या किलोंपर्यंत असेल तर गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. परिवहन वाहनांनाही हेच लागू, असं नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं. त्याच्या वर गेलात की जड वाहनाचा परवाना काढा, साठीत. म्हणून पहिला पत्रा कापण्याआधी उघडी चेसिस धरमकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोला. पेटी बसली की पुन्हा, टाकी भरली की पुन्हा. पुढच्या चाकांवरचं वजन पहिल्या पावतीपेक्षा कमी भरलं, तर पेटी मागच्या ॲक्सलच्या फार मागे गेलेली आहे. ओटा उचलून पुढे घ्या.