कुत्रे जेवत नाही, तेव्हा हट्ट कोणाचा?

पूर्वी आमच्या पिंपळनेर भागात कुत्रे असायचे ते मळ्यात, राखणीला. सकाळची उरलेली भाकरी, कधी ताकाचा घोट, कधी काहीच नाही. ते जेवले की नाही, याची चौकशी कोणी केली नाही. आता चित्र बदलले आहे. दोन खोल्यांच्या घरातही लहान चणीचे कुत्रे येते. कोणी रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणते, कोणी धुळ्या-नाशिकहून स्पिट्झ किंवा पग आणते, तर कोणाचा पुण्यातला मुलगा आपल्याला सांभाळणे जमत नाही म्हणून त्याचे कुत्रे गावी आई-वडिलांकडे सोडून जातो. आणि दोन-तीन दिवसांत तक्रार सुरू होते, ‘हे काही खातच नाही.’

मी माणसांचा डॉक्टर. तरीही हा विषय माझ्या टेबलापर्यंत दोन वाटांनी येतो. पहिली वाट साधी आहे. रक्तदाब तपासायला आलेल्या आजी जाता जाता विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, दोन दिन व्हयनात, याना पोटमा काहीच नही, एखादी भुकेची गोळी द्या ना.’ दुसरी वाट गंभीर आहे. कुत्र्याला बळेच भरवताना बोटाला दात लागतो आणि माणूस इंजेक्शनसाठी आमच्याकडे येतो. म्हणून या विषयावर माझे एक ठाम मत झाले आहे. नव्या घरात कुत्रे जेवत नसेल, तर ‘लाडावले आहे, नखरे करते’ हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. आणि त्याच्या तोंडात बळजबरीने घास तर कधीच कोंबू नये.

भूक हुकमाने लागत नाही, हे विज्ञानाने जाणले तेही कुत्र्यांकडूनच. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. कुत्र्याने आवडीने अन्न खाल्ले, तर ते पोटात पोहोचण्याआधीच जठररस भरपूर पाझरू लागतो. तेच अन्न कुत्र्याच्या नकळत थेट जठरात ठेवले, तर रस फार कमी पाझरतो आणि पचन मंदावते. म्हणजे इच्छा हा पचनाचाच भाग आहे. भीतीत ही इच्छा मावळते. कुत्र्याच्या बाजूने पाहा. ओळखीचा वास गेला, ओळखीची माणसे गेली, कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज आणि भोवती जमलेली गल्लीतली मुले. अशा वेळी शरीर सावध राहण्यात गुंतलेले असते, जेवण्यात नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस प्रौढ कुत्र्याने कमी खाणे यात नवल नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. वर्दळीपासून दूर एक कोपरा ठरवा, ताटली आणि पाण्याचे भांडे रोज तिथेच ठेवा. आधीच्या घरी ते काय खात होते हे विचारून घ्या आणि पहिला आठवडा तेच द्या. बदल करायचा तर सात ते दहा दिवसांत, जुन्या अन्नात नवे थोडे थोडे मिसळत करा. अन्न किंचित कोमट करा. कुत्र्याची चव माणसापेक्षा बोथट असते, पण वास फार तीक्ष्ण असतो आणि कोमट अन्नाचा वास चांगला सुटतो. ताटली ठेवून बाजूला व्हा. कोणी डोळे लावून बसले की आपल्यालाही घास उतरत नाही.

पण खाणे ‘नको’ असणे आणि ‘जमत नसणे’ यातला फरक ओळखायला हवा. ताटलीजवळ येऊन, वास घेऊन, घास तोंडात धरून टाकून देणारे कुत्रे भुकेले असते, पण बहुधा त्याचे तोंड दुखत असते. लहान जातींच्या कुत्र्यांत दातांची दाटी होते, दुधाचे दात पडत नाहीत, हिरड्या सुजतात. पोट फुगलेले आणि हिरड्या पांढुरक्या असतील, तर जंतांचा संशय घ्यावा. अंगावर गोचीड असतील आणि ताप असेल, तर गोचिडांपासून होणारे आजार असू शकतात. गोठा शेजारी असलेल्या आपल्या भागात हे विसरून चालत नाही. लस न झालेले पिल्लू खाणे सोडून उलट्या करू लागले, घाण वासाची किंवा रक्ताळ हगवण लागली, तर तो पार्व्हो असू शकतो. त्यात पिल्लू काही दिवसांत दगावते. तिथे ‘उद्या बघू’ चालत नाही.

किती वेळ थांबायचे? निरोगी, पाणी पिणारे, हिंडते-फिरते प्रौढ कुत्रे एक दिवस थोडे कमी जेवले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही ताटलीला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यकांना दाखवावे. तीन-चार महिन्यांच्या आतल्या चिमुकल्या पिल्लाला मात्र ही सवलत नाही. त्याच्या शरीरात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. अर्धा दिवस उपाशी राहिले तरी ते थरथरते, झोकांड्या खाते, मलूल पडते. अशा वेळी हिरड्यांना थोडे मध किंवा साखरेचे पाणी चोळून तातडीने दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

आता ज्या कारणासाठी मी हा लेख लिहितो आहे, ते सांगतो. न जेवणाऱ्या कुत्र्याच्या घशात ‘हाड अडकले असेल’ असे समजून लोक त्याच्या तोंडात हात घालतात. रेबीजच्या एका प्रकारात कुत्रे पिसाळून धावत नाही, उलट गप्प होते. जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला खरोखरच घशात काही अडकल्यासारखे वाटते. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला आधी कोण चावले, हे आपल्याला ठाऊक नसते आणि रोगाची लक्षणे दिसायला आठवडे किंवा महिनेही जाऊ शकतात. आणल्यावर लस टोचली म्हणजे आधी शिरलेला विषाणू थांबला, असे होत नाही. म्हणून न जेवणे, लाळ गळणे आणि स्वभाव अचानक बदलणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर कुत्र्याला वेगळे ठेवा, हात लावू नका आणि पशुवैद्यकांना कळवा.

यात घाबरून जाण्यासारखेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार, कुत्र्याला हात लावणे, त्याला खाऊ घालणे किंवा त्याने धडधाकट कातडी चाटणे यासाठी लसीची गरज नसते. रक्त न येता खरचटले, तर लस घ्यावी लागते. दात लागून रक्त आले, जखमेवर किंवा ओठ-डोळ्यांवर लाळ लागली, तर लसीबरोबर जखमेच्या जागी देण्याचे इम्युनोग्लोब्युलिनही लागते. सर्वांत आधी साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. सरकारी रुग्णालयात कातडीतून दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ठरलेले आहेत. ते म्हणजे पहिला (शून्य), तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. ‘आपलेच कुत्रे आहे, त्याला काय होते’ म्हणून ते चुकवू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत रेबीजने दरवर्षी सुमारे ५,७०० मृत्यू होत असल्याचा अंदाज आला. लक्षणे दिसल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही, आणि वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर तो जवळजवळ हमखास टळतो.

आजार नाही, भीती ओसरली, महिना झाला, तरी कुत्रे नाक मुरडते. मग नखरे आहेत, पण ते शिकवले कोणी? सकाळी भाकरी ठेवली, खाल्ली नाही. लगेच दूध आणले. दूध हुंगून सोडले, मग बिस्किट. बिस्किटावर भागले नाही, तर चिकन. कुत्र्याने यातून एकच धडा घेतला. थांबले की पुढचे ताट अधिक चांगले येते. त्यात गणितही चुकते. पाच किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ३७५ कॅलरी पुरतात. चार-पाच ग्रॅमच्या ग्लुकोज बिस्किटात वीस कॅलरी धरा. चहाबरोबर प्रेमाने दिलेली पाच बिस्किटे म्हणजे शंभर कॅलरी, दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा. घरात चार माणसे आणि प्रत्येकाने गुपचूप दोन-दोन दिली, तर ते जेवणार कशाला? खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, हा साधा नियम आहे. म्हणजे आपल्या या कुत्र्याला दिवसाला दीड-दोन बिस्किटे, त्याहून जास्त नाहीत.

कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा तुपाची वाटी घेऊन नामदेव महाराज त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतले कुत्रे भुकेले होते. आपण वाटी घेऊन धावतो ते पोट भरलेल्या कुत्र्यामागे. त्यापेक्षा दिवसातून दोन ठरलेल्या वेळा पाळाव्यात. ताटली ठेवावी, पंधरा-वीस मिनिटांनी उचलावी, रागावू नये, मनधरणीही करू नये. मधे फक्त पाणी. निरोगी प्रौढ कुत्रे काही दिवसांत वेळेवर जेवू लागते. लहान पिल्लांना मात्र दिवसातून तीन-चार वेळा द्यावे, त्यांच्यावर हा प्रयोग नको.

ताटात काय असावे? ‘भाकरी कुत्र्याला विषासारखी’ असे आता ऐकू येते. ते खरे नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले, की लांडग्यापासून कुत्रा होताना त्याच्यात पिष्ट पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या. माणसाच्या शेजारी राहून तो माणसाचे धान्य पचवायला शिकला. पण नुसत्या भाकरीवर प्रथिने पुरत नाहीत. उकडलेले अंडे, हाडे काढलेले चिकन, बिनमसाल्याचे वरण त्यात कालवावे. कायम घरचेच अन्न द्यायचे, तर कॅल्शियमसह बाकीचा समतोल पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावा. दुधाने पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना हगवण लागते. आपल्या खान्देशात एक धोका घराघरात आहे, तो कांद्याचा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्यामुळे काळ्या मसाल्याचा रस्सा, शेवभाजी, भरीत हे सगळे वर्ज्य. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट, झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगगम आणि शिजवलेली हाडेही नकोत. माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी तर अजिबात नको. ‘भुकेची गोळी’ मागणाऱ्या आजींना माझ्याकडून नकार मिळतो तो म्हणूनच.

लहान मुलांच्या आहाराविषयी अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची वाटणी सुचवली आहे. काय, कधी, कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाने ठरवावे. मोबाइल दाखवून नातवाला घास भरवणारे घर आणि कुत्र्यामागे वाटी घेऊन फिरणारे घर बहुतेक वेळा एकच असते, असे माझे निरीक्षण आहे. न खाणे हा आपल्याला आपला अपमान वाटतो, खरी अडचण तिथे आहे.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली. त्याच वेळी दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारीही घेणाऱ्यावर टाकली. माझ्या मते या वाक्यात दत्तक घेण्याचा सगळा अर्थ आला. ‘खात नाही, घाण करते’ म्हणून आठवड्याभरात नदीकाठी सोडलेले कुत्रे उपाशी राहते, बिनलसीचे राहते आणि उद्या कोणाच्या तरी मुलाला चावते. म्हणून कुत्रे आणण्याआधी घरात तीन गोष्टी ठरवून टाका. लसीची आणि जंतनाशकाची तारीख कोण पाळणार, ताटली कोण ठेवणार, आणि बिस्किटाचा डबा कोणाच्या ताब्यात राहणार. तिसरी गोष्ट ठरवणे सर्वांत अवघड जाते.